मुळांच्या वाटेवर – ९ : ओल कधी खर्चावी

चोपण जमिनीतल्या मिठाचा विषय या आठवड्यात घेईन असं कबूल केलं होतं. तो पुढे ढकलतो आहे, कारण ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या एका वाचकांनी रास्त शंका काढली आहे. खोल मुळाचं पीक पावसाविना तगतं हे एकदा मान्य केलं, की सर्वांत खोल मुळाचा हरभरा पेरला म्हणजे झालं, नाही का? मला ही समजूत अर्धीच खरी वाटते.

ग्वाल्हेरच्या परिसरात कोरडवाहू हरभरा नि मोहरी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच जगतात. हिवाळ्यात एखादी सर आली तर आली. एरवी शिलकीत भर पडत नाही. खोल मुळाला ही शिल्लक जास्त हाताशी येते, हे खरं. पण ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पालेदार वाढीवर उडवली, तर घाटे भरताना उरणार काय? हैदराबादजवळच्या पटनचेरूला, इक्रिसॅटमध्ये, हरभऱ्याचे वाण माती भरलेल्या उंच नळ्यांत वाढवून नेमकं हेच तपासलं गेलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शेवटच्या टप्प्यातला दुष्काळ सोसणाऱ्या वाणांचं वेगळेपण मुळांच्या खोलीत किंवा दाटपणात सापडत नाही. ते वाण फुलोऱ्याआधी पाणी बेताने उपसतात, म्हणून दाणा भरताना त्यांच्याकडे ओल असते. हिशेब मुळाइतकाच पानांचाही आहे, आणि खोलीच्या कौतुकात आपण तो विसरतो.

यावर कोणी भाताचा दाखला देईल. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये डीआरओ-१ हे जनुक आयआर-६४ या उथळ मुळांच्या वाणात आणलं. मुळं तिरपी पसरायची ती अधिक उभी उतरू लागली आणि दुष्काळातही पीक हाती आलं. मान्य. पण तिथे खालची ओल मुळांअभावी पडून होती. ऑस्ट्रेलियातल्या गव्हाचा २००७चा अभ्यासही माझ्याविरुद्ध मांडता येईल: दाणा भरताना खालच्या थरातून मिळालेल्या पाण्याने दर मिलिमीटरमागे हेक्टरी ५९ किलो गहू वाढला. मला मात्र तो माझ्याच बाजूचा वाटतो. खोल मूळ फळलं ते पाणी ऐनवेळी मिळालं म्हणून. तेच पाणी महिनाभर आधी संपलं असतं तर दाण्याच्या वाट्याला काय आलं असतं?

आणि खाली गोडं पाणी असेलच, हे कोणी सांगितलं? नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्येच लिहिलं होतं. कालव्याच्या पाण्याने भूजल वर चढतं, त्याबरोबर मीठही, आणि उपळट जमिनीत मुळांचा श्वास कोंडतो तो वेगळाच. मातीतलं पाणी मुळातल्या रसापेक्षा खारट झालं की पाणी असूनही मुळाला ते ओढता येत नाही. अशा शेतात खोल मूळ शोधत बसणं म्हणजे मिठाच्या दारात जाऊन तहान भागवणं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. बियाण्याच्या दुकानात वाणाचं नाव विचारण्याआधी शेतात कमरेइतका खड्डा खणा, ओल कुठवर आहे ते हाताने पाहा आणि तळाची मूठभर माती खारासाठी तपासून घ्या. मीठ पुढच्या आठवड्यात, नक्की.