उच्च रक्तदाब, युरिक ॲसिड आणि हृदय : चिकित्सा आकड्याची की रुग्णाची?

रक्तदाबाच्या रुग्णाने रक्त तपासून आणले की साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला युरिक ॲसिडचा आकडाही आता बहुधा त्या कागदावर असतो. तो सातच्या वर असेल तर प्रयोगशाळेने त्यावर ठळक खूण केलेली असते. जळकोट, उदगीर, मुखेड या परिसरातील रुग्ण असा कागद घेऊन पुष्कळदा प्रथम वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतो. सांधा दुखत नाही, सूज नाही. तरीही 'युरिक ॲसिड वाढले आहे, आयुर्वेदिक काहीतरी द्या' अशी त्याची मागणी असते. या प्रसंगी दोन चुका संभवतात. आकड्यालाच व्याधी समजून वातरक्ताचे कल्प सुरू केले जातात, ही पहिली. नवे औषध मिळाले म्हणून रुग्ण रक्तदाबाची गोळी परस्पर सोडतो आणि त्याला कोणी हटकत नाही, ही दुसरी. पहिलीने पैसा आणि वेळ वाया जातो. दुसरीने पक्षाघात ओढवू शकतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक वाटते.

युरिक ॲसिड का वाढते?

पेशींतील व अन्नातील प्युरिन द्रव्यांच्या विघटनाचे शेवटचे रूप म्हणजे युरिक ॲसिड. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्याचे पुढे विघटन करणारे विकर असते. मनुष्यात ते नाही. तयार झालेल्या युरिक ॲसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश मूत्रमार्गे व उरलेले आतड्यावाटे बाहेर पडते. त्यामुळे रक्तातील वाढ ही पुष्कळदा जास्त उत्पत्तीची नसून कमी उत्सर्जनाची असते. उच्च रक्तदाबात वृक्काचा रक्तपुरवठा घटतो आणि युरिक ॲसिडचे पुनःशोषण वाढते. स्थौल्य, मधुमेह आणि वृक्कदौर्बल्य यांतही हेच घडते. उलट बाजूने पाहता, वाढलेले युरिक ॲसिड रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचे कार्य बिघडवते व वृक्कातील सूक्ष्म वाहिन्या आकुंचित करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. कारण कोणते आणि कार्य कोणते, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

सव्वाशेहून अधिक वर्षांचा वाद

हा प्रश्न नवा नाही. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील फ्रेडरिक अकबर मोहमद हे उच्च रक्तदाबाचे आद्य अभ्यासक. त्यांचे आजोबा मूळचे पाटण्याकडील. रक्तदाबाचे अनेक रुग्ण गाउटचा वारसा असलेल्या घराण्यांतील असतात, हे निरीक्षण त्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने निष्कर्ष काढला की रक्तदाबादी इतर घटक विचारात घेतल्यावर युरिक ॲसिड हे हृद्रोगाचे स्वतंत्र कारण ठरत नाही. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आधारे याच्या उलट निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये नव्याने उच्च रक्तदाब जडलेल्या ३० किशोरवयीन मुलांना ॲलोप्युरिनॉल दिले असता रक्तदाब उतरला. त्यामुळे आशा वाढली.

या आशेची मोठी परीक्षा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'ऑल-हार्ट' अभ्यासात झाली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या, परंतु गाउट नसलेल्या, ६० वर्षांवरील ५,७२१ रुग्णांचे निष्कर्ष त्यात तपासले गेले. सुमारे पावणेपाच वर्षांत ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांपैकी ११ टक्के व न घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के रुग्णांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृद्रोगजन्य मृत्यू यांपैकी काहीतरी झाले. औषधाने युरिक ॲसिड उतरले होते. हृदयाला मात्र त्याचा लाभ दिसला नाही.

यातून घ्यायचा बोध असा : रक्तदाबाच्या रुग्णात वाढलेले युरिक ॲसिड हे धोक्याची सूचना देणारे चिन्ह आहे. युरोपीय हृद्रोग संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांतही रक्तदाबाच्या रुग्णाच्या नेहमीच्या तपासण्यांत त्याचा समावेश होता. परंतु लक्षणे नसताना तो आकडा खाली आणला म्हणजे हृदयाचे रक्षण झाले, असे मानण्यास आधार नाही. हृदयाचे रक्षण प्रामुख्याने होते ते रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वजन यांवर नियंत्रण ठेवल्याने.

वातरक्ताची व्याप्ती

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात वातरक्ताचे वर्णन करताना दुष्ट रक्ताने वायूचा मार्ग अडतो व अडलेला वायू पुन्हा रक्तालाच दूषित करतो, अशी परस्परावलंबी संप्राप्ती सांगितली आहे. रक्तदाब आणि युरिक ॲसिड यांच्या संबंधाशी तिचे साम्य जाणवते. तथापि साम्य हा पुरावा नव्हे. संहितेत व्याधीचे निदान पूर्वरूप आणि रूप यांवरून होते. संधिशूल, दाह, शोथ, वैवर्ण्य यांपैकी काहीच नसलेल्या रुग्णाला प्रयोगशाळेच्या कागदावरून वातरक्त झाले असे म्हणणे शास्त्रसंमत नाही. मात्र पायाच्या अंगठ्याचा अचानक उठलेला तीव्र शूल, वारंवार होणारी मूत्राश्मरी किंवा वाढलेले क्रिएटिनीन असेल तर विषय वेगळा. तेथे रीतसर उपचार व तज्ज्ञांचा सल्ला हवाच. सुजलेल्या सांध्यासोबत ज्वर असेल तर सांध्यातील जंतुसंसर्ग प्रथम वगळावा.

प्रथम रुग्णाची पिशवी पाहा

औषध लिहिण्यापूर्वी रुग्ण काय काय घेतो हे पाहावे. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड ही मूत्रल औषधे युरिक ॲसिड वाढवतात. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एच' हे अक्षर असेल तर तीत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असते. अल्प मात्रेतील ॲस्पिरिन आणि क्षयावरील पायराझिनामाइड यांनीही हा आकडा चढतो. म्हणून ही औषधे बंद करावयाची नसतात. रुग्णाच्या हाती ज्या डॉक्टरांनी ती लिहिली त्यांच्यासाठी चिठ्ठी द्यावी. लोसार्टन हे रक्तदाबाचे औषध युरिक ॲसिड काहीसे उतरवते. असा बदल योग्य आहे का, हे ते ठरवू शकतात.

औषधी दुकानदारांनी आणखी एक दक्षता घ्यावी. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीविना मागितली जाणारी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके रक्तदाब वाढवतात आणि वृक्कांना इजा करतात. युरिक ॲसिडपेक्षा या गोळ्यांचा धोका अधिक निकटचा आहे.

आपले कल्प निवडताना

आयुर्वेदीय औषध निरपायीच असते, हा समज रक्तदाबाच्या रुग्णात विशेष घातक होय. लवणभास्कर चूर्णात समुद्रलवणादी लवणांचा मोठा वाटा असतो. पचनासाठी म्हणून ते महिनोन्‌महिने देणे म्हणजे ताटातील मीठ कमी करून चमच्याने परत देणे. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात सोडियम साठते व पोटॅशियम घटते. मूत्रल औषधासोबत हा धोका वाढतो. आसवारिष्टांत स्वयंनिर्मित मद्यांश असतो, याचेही भान असावे.

वातरक्तात आपण सर्रास वापरतो तो कैशोर गुग्गुळ. गुग्गुळाच्या प्रमाणित अर्कामुळे प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम ही रक्तदाबाची औषधे रक्तात कमी प्रमाणात उतरतात, असे मुंबईच्या औषधशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये निरोगी व्यक्तींवरील अभ्यासात दाखवले होते. ही औषधे घेणाऱ्या रुग्णास गुग्गुळकल्प सुरू केल्यास रक्तदाब वरचेवर मोजणे हे आपले कर्तव्य ठरते.

वरण बंद करू नये

युरिक ॲसिड वाढले की रुग्णाला पहिला सल्ला मिळतो तो डाळ सोडण्याचा. तुरीच्या या मुलखात ज्वारीच्या भाकरीसोबतचे वरण हाच अनेक घरांत प्रथिनांचा मुख्य आधार आहे. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षे झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस व मासे यांनी गाउटचा धोका वाढला; डाळी-भाज्यांनी वाढला नाही, दुग्धजन्य पदार्थांनी तर तो घटला. चरकोक्त हेतूंत कुळीथ, उडीद, पावटा यांचा उल्लेख येतो. तुरीचा नामोल्लेख नाही. दह्याचा मात्र त्यात समावेश आहे आणि येथे आधुनिक निरीक्षणाशी मतभेद दिसतो, हेही प्रांजळपणे मान्य करावे.

त्याच हेतूंत लवण, इक्षु, सुरा, दिवास्वाप आणि चालण्याचा अभाव येतात, ते आजही तंतोतंत लागू पडतात. साखरेतील फ्रुक्टोजच्या चयापचयातून युरिक ॲसिड तयार होते; तेव्हा वरणाऐवजी गोड शीतपेये, अति गोड चहा, शिंदी व दारू यांवर बंधन घालावे. कंदुरीच्या किंवा आखाडाच्या मटणाला प्रमाण असावे. लोणचे, पापड, ठेचा धरून दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याइतके असावे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात उन्हात राबणाऱ्याला पुरेसे पाणी प्यायला सांगणे हाही औषधोपदेशच होय. मात्र हृदय किंवा वृक्क दुर्बल असलेल्यास पाण्याचे प्रमाण तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

सारांश, युरिक ॲसिडचा कागद समोर आला की रक्तदाब मोजावा, क्रिएटिनीन व साखर पाहावी, चालू औषधांची यादी करावी आणि रक्तदाबाची गोळी नियमित चालू आहे ना, हे विचारावे. त्यानंतर निदानपरिवर्जन, आणि लक्षणे असतील तरच वातरक्ताची चिकित्सा. एवढा क्रम प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात पाळला गेला, तर तो आकडा रुग्णाला घाबरवण्याऐवजी त्याच्या हृदयरक्षणाचे निमित्त ठरेल.