राख, दगड आणि रबर

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळतो आणि मागे डोंगरभर राख उरते. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण 30 ते 40 टक्क्यांच्या घरात असतं. या राखेत पाणी कालवून पंपाने पाइपांतून बंधाऱ्याकडे ढकलायची जुनी पद्धत आहे. ही स्लरी वरवर नुसतं गढूळ पाणी वाटते. पण भट्टीच्या तळाशी जमणाऱ्या जाड राखेत क्वार्ट्झचे कण असतात. मोहसच्या मापनात क्वार्ट्झचा कठीणपणा 7, साध्या पोलादाचा जेमतेम 4 ते 5. म्हणजे पाइप आतून अखंड खरवडला जातो.

त्यात गंजाची भर. पोलादावर चढलेला गंजाचा पातळ थर खालच्या धातूला थोडाफार आडोसा देतो. कण तोच थर ओरबाडतात, उघडा पडलेला धातू पुन्हा गंजतो, तोही थर निघून जातो. नुसती झीज आणि नुसता गंज वेगवेगळे मोजून बेरीज केली, तरी दोघांनी मिळून केलेलं नुकसान त्याहून जास्त भरतं!

इथे मदतीला येतो बेसाल्ट. सह्याद्री ज्याचा बनलाय, आपले पाटे-वरवंटे ज्यातून घडवले, तोच काळा दगड. निवडक बेसाल्ट 1250 अंश सेल्सिअसच्या वर वितळवून साच्यात ओततात आणि अगदी सावकाश थंड करतात. त्यात नव्याने स्फटिक धरतात आणि कठीणपणा 8 च्या आसपास पोचतो. त्याची नळकांडी पोलादी पाइपात बसवून मधली फट सिमेंटच्या मसाल्याने भरतात. ज्वालामुखीने एकदा केलेलं काम कारखान्यात पुन्हा करायचं, ही कल्पनाच मला थरारून टाकते.

मग सगळीकडे दगडच का नाही? कारण कण कोणत्या कोनातून आदळतो, यावर सारं अवलंबून असतं. भिंतीला घासून जाणाऱ्या कणापुढे दगड टिकतो. समोरून थेट आदळणारा मोठा कण त्याचे टवके उडवतो. वेगाचं गणितही नाजूक आहे. वेग दुप्पट झाला की झीज साधारण चार ते आठ पट वाढते, आणि फार कमी केला तर राख तळाशी बसून पाइप तुंबतो.

सर्वांत अद्भुत उत्तर मात्र मऊ आहे. धुरातला सल्फर डायऑक्साइड धुण्यासाठी चुनखडीची स्लरी वापरतात. हा वायू शोषून ती आम्लधर्मी होते, शिवाय तिच्यात क्लोराइड साठत जातं आणि साध्या स्टेनलेस स्टीललाही ते बारीक खड्डे पाडतं. तिथे पोलादी पाइपला आतून काही मिलिमीटर रबराचं अस्तर देतात. बारीक कण आदळला की रबर दबतं, धक्का पोटात घेतं आणि कणाला परत प्रवाहात उडवून देतं. मोठे धारदार खडे, तेल आणि जास्त उष्णता मात्र त्याला सोसत नाही.

या अस्तराची तपासणी पाहण्यासारखी असते. उच्च दाबाच्या विजेचा ब्रश रबरावरून हळूहळू फिरवतात. अस्तर धड असेल तर काहीच घडत नाही. डोळ्यांना न दिसणारं भोक असेल, तर त्यातून मागच्या पोलादाकडे निळसर ठिणगी झेपावते. तेवढ्या भोकातूनही स्लरी आत शिरून पोलाद खाते आणि अस्तर फुगवते. म्हणून ठिणगी उडालेला पाइप दुरुस्त होऊन पुन्हा तपासल्याशिवाय जोडत नाहीत.