चटईचा हिशेब

मुलाचे लग्न ठरले की घरात आनंदीआनंद होतो; पण एका खोलीच्या संसारात त्याच रात्री आईला दुसरी चिंता लागते. नव्या जोडप्याने झोपायचे कुठे? मुंबईच्या चाळींनी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या मधल्या पडद्याने आणि गॅलरीत अंथरलेल्या वळकटीने दिले.

घर लहान असण्याचे कारण केवळ गरिबी नव्हे. कुठे किती बांधायचे हे सरकारी नियम ठरवतात. त्याचे माप म्हणजे ‘चटई क्षेत्र निर्देशांक’, अर्थात एफएसआय. निर्देशांक १ असेल, तर हजार चौरस फुटांच्या भूखंडावर सारे मजले मिळून हजार चौरस फूटच बांधता येते. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहरासाठी तो साधारणपणे १.३३ आणि उपनगरांसाठी १ होता. माणसे वाढत गेली, जमीन मात्र तेवढीच राहिली!

नियम बदलला तर काय होते, हे वरळीत पाहावे. बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. येथे खास तरतूद करून जादा बांधकामाला परवानगी देण्यात आली. रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मोफत आणि खर्च विक्रीच्या घरांतून, अशी ही योजना ‘म्हाडा’कडे आली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या.

मग सगळीकडेच मजले का चढवू नयेत? कारण वाढत्या माणसांना पाणी, गटार, शाळा आणि रस्ताही लागतो. म्हणूनच २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीत जादा बांधकामाची सांगड रस्त्याच्या रुंदीशी घातली आहे. रुंद रस्त्यावर अधिक, बोळात कमी. शिवाय जादा मजले म्हणजे स्वस्त घरे असेही नाही. ती कोणासाठी बांधली जातात, यावर सारे अवलंबून असते.

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा असेल, तर ‘किती फूट मिळणार’ एवढेच विचारून थांबू नका. पाण्याचे काय, लिफ्टसह देखभालीचा मासिक खर्च किती, काम रखडले तर भाडे कोण देणार, हेही विचारा आणि उत्तरे करारात लिहून घ्या. आणि या सभेला घरातल्या बाईने जरूर जावे. जागेची खरी अडचण तिच्याइतकी कोणाला ठाऊक असते?