मध्यरात्री भेटणारी विमाने

मुलांनो, जगातला सर्वांत मोठा विमानतळ कोणता, असा प्रश्न तुम्हांला कोणी विचारला तर काय उत्तर द्याल? उत्तर देण्यापूर्वी तुम्हीच उलट विचारा, 'मोठा म्हणजे कशाने मोठा?' कारण जमीन मोजली तर एक उत्तर येते, माणसे मोजली तर दुसरे आणि सामान मोजले तर तिसरेच.

जमीन मोजायची ठरवली, तर पहिला क्रमांक सौदी अरबस्तानचा. दम्माम शहराजवळ किंग फहद विमानतळ आहे. त्याच्या ताब्यात सुमारे ७७६ चौरस किलोमीटर जमीन आहे. एवढ्या जागेत आपल्या नागपूरसारखी तीन शहरे सहज मावतील. पण त्यातला बराचसा भाग नुसता मोकळा आहे. घर मोठे आणि माणसे थोडी, असा तो प्रकार आहे.

आता माणसे मोजू. अमेरिकेत अटलांटा नावाचे शहर आहे. तिथला विमानतळ अवघा १९ चौरस किलोमीटरचा, म्हणजे दम्मामच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. तरीही २०२३ साली तिथून सुमारे १० कोटी ४६ लाख प्रवाशांची ये-जा झाली. त्या वर्षी जगात हाच विमानतळ पहिला होता. दुसरा क्रमांक दुबईचा होता. तिथे जवळजवळ ८ कोटी ७० लाख प्रवासी आले-गेले. तुमच्यापैकी कोणाचे मामा किंवा चाचा आखाती देशात नोकरीला असतील, तर दुबईचे नाव तुम्ही घरी ऐकलेच असेल.

अटलांटा काही न्यूयॉर्कएवढे मोठे शहर नाही. मग इतकी माणसे तिथे जातात तरी कशाला? खरी गोष्ट अशी की, त्यांतल्या पुष्कळांना अटलांट्याला जायचेच नसते. ते तिथे उतरतात, दुसऱ्या विमानात बसतात आणि पुढे निघून जातात. इटारसी किंवा भुसावळ जंक्शनवर गाडी बदलणारे प्रवासी तुम्ही पाहिले असतील. तसेच हे विमानांचे जंक्शन. मराठीत अशा जागेला 'केंद्र' म्हणता येईल, उर्दूत तुम्ही 'मर्कज' म्हणाल.

तुम्हांला वाटेल, ही अमेरिकेची आणि दुबईची गोष्ट झाली. आपल्या बेशाचा तिच्याशी काय संबंध? बेसा हे नागपूरच्या दक्षिणेचे गाव. सोनेगावचा विमानतळ इथून फार दूर नाही. याच सोनेगावला एकेकाळी दर रात्री चार दिशांनी चार विमाने येत आणि मध्यरात्री एकमेकांना भेटत. कशासाठी? तर पत्रांची अदलाबदल करण्यासाठी.

ही गोष्ट १९४९ सालची. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. टेलिफोन फार थोड्या घरांत होते. तार लवकर पोहोचे, पण तारेत एकेक शब्द मोजून पैसे द्यावे लागत. सगळा भरवसा टपालावर, म्हणजे तुमच्या उर्दूतल्या डाकेवर होता. मुलगा कलकत्त्याला कामाला आणि आईवडील मुंबईला, असे असले तर आईच्या आजाराची बातमी मुलाला कळायला आगगाडीने दीड-दोन दिवस सहज जात. तो निघून घरी येईपर्यंत आणखी तेवढेच. पत्र एक दिवस आधी पोहोचणे म्हणजे काय, हे अशा घराला विचारावे.

त्या वेळी रफी अहमद किडवाई हे भारताचे दळणवळण मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, ३० जानेवारी १९४९ रोजी, रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. दिवसभर लोकांनी पेटीत टाकलेली पत्रे संध्याकाळी गोळा करायची, रात्री विमानाने न्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या शहरात वाटायची, अशी ही योजना होती. लोक झोपलेले असताना त्यांची पत्रे प्रवास करीत. दिवसाचा एक तासही वाया जात नसे.

आता एक छोटे गणित करू. वही-पेन्सिल घ्या. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे चार ठिपक्यांनी दाखवा. प्रत्येक ठिपका इतर तिन्ही ठिपक्यांना रेघेने जोडा. किती रेघा झाल्या? सहा. म्हणजे प्रत्येक शहरातून इतर प्रत्येक शहराला थेट टपाल पाठवायचे, तर सहा मार्ग लागतील. आता मधोमध पाचवा ठिपका काढा, त्याला नागपूर म्हणा, आणि चारही शहरे फक्त त्याच ठिपक्याला जोडा. आता रेघा चारच लागल्या. शिवाय नागपूरही जोडले गेले, ते वेगळेच! शहरे वाढली की हा फरक फार मोठा होतो. दहा शहरे एकमेकांना थेट जोडायला ४५ मार्ग लागतात; मध्ये एक केंद्र धरले तर दहा पुरतात.

नागपूर देशाच्या मधोमध आहे, हे तुम्ही झिरो माइलच्या खांबापाशी अनेकदा ऐकले असेल. त्याचा उपयोग इथे झाला. आकाशातून सरळ रेषेत मोजले, तर नागपूरहून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९८० किलोमीटर आहे. त्या काळची डाकोटा विमाने तासाला साधारण २७० किलोमीटर जात. म्हणजे मुंबईचे विमान अडीच तासांत नागपुरात येई, तर कलकत्त्याच्या विमानाला साडेतीन तासांहून जास्त वेळ लागे. चौघांची भेट एकाच वेळी व्हायची, तर कलकत्त्याच्या विमानाने तासभर आधी निघायला हवे. संध्याकाळी निघून मध्यरात्री नागपूर गाठायचे आणि उजाडता उजाडता आपल्या शहरी परतायचे, हे चारही शहरांना जमण्यासारखे होते. केंद्र एका टोकाला असते, मुंबईलाच असते समजा, तर कलकत्त्याच्या विमानाला एका रात्रीत जाऊन येणे जमलेच नसते.

विमाने उतरली की थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातून दिल्लीची, कलकत्त्याची आणि मद्रासची थैली निघे. इतर विमानांचेही तसेच. प्रत्येक थैली ज्या शहराची त्या शहराच्या विमानात चढवायची. मग चारही विमाने आली तशी आपापल्या शहराकडे परत फिरत. या विमानांतून प्रवासीही जात आणि तेही नागपुरात विमान बदलत. अटलांट्यात आज जे चालते, तेच लहान प्रमाणात इथे चालत होते.

१ एप्रिल १९४९ पासून टपाल खात्याने आणखी एक गोष्ट केली, आणि मला वाटते, खरी मोठी गोष्ट हीच. त्याआधी देशातल्या देशात पत्र विमानाने पाठवायचे तर जादा तिकीट लावावे लागे. आता विमानाने पत्र लवकर पोहोचत असेल, तर ते जादा पैसे न घेता विमानानेच पाठवू लागले. शेटजींचे पत्र आणि हमालाचे पत्र एकाच थैलीत, एकाच विमानात बसू लागले.

हे काम सोपे मात्र नव्हते. डाकोटा हे दोन पंख्यांचे विमान. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पुष्कळ विमाने स्वस्तात विकली गेली होती. आजच्यासारखे संगणक त्यांत नव्हते. अंधारात, पावसात, ढगांतून रेडिओच्या संकेतांवर वाट काढावी लागे. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासला निघालेले एक डाकोटा उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. तेरा जण मृत्युमुखी पडले. वैमानिक तेवढा वाचला. तरीही सेवा थांबली नाही.

केंद्राच्या पद्धतीत एक उणीवही आहे, तीही समजून घ्या. चार विमानांपैकी एकाला उशीर झाला, तर बाकीच्या तिघांनी काय करावे? थांबावे, तर सगळ्या देशाचे टपाल उशिरा पोहोचते. निघून जावे, तर एका शहराच्या थैल्या मागे राहतात. आजही एखाद्या मोठ्या केंद्रात वादळ किंवा धुके आले, की दूरदूरच्या शहरांतली विमाने खोळंबतात ती याच कारणाने.

नागपूरची ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली. योगायोग पाहा. त्याच वर्षी, १७ एप्रिल १९७३ च्या रात्री, अमेरिकेतल्या मेंफिस शहरात फेडरल एक्सप्रेस या कंपनीने आपले काम सुरू केले. पहिल्या रात्री चौदा लहान विमाने होती आणि २५ शहरांसाठी फक्त १८६ पार्सले. युक्ती तीच! संध्याकाळी सगळीकडून पार्सले गोळा करायची, रात्री एका मधल्या शहरात आणायची, तिथे निवडायची आणि सकाळपर्यंत घरोघर पोहोचवायची. आज मेंफिस हा मालवाहतुकीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या विमानतळांपैकी एक आहे. हाँगकाँग आणि मेंफिस यांच्यात पहिल्या क्रमांकासाठी अनेक वर्षे चढाओढ चालली होती.

मग नागपूर मागे का राहिले? मधोमध असणे पुरेसे नसते. विमाने, माल, कारखाने आणि पैसा हे सगळे त्या जागी यावे लागते. तो प्रयत्न महाराष्ट्राने नंतर सुरू केला. २००२ साली त्यासाठी एक सरकारी कंपनी स्थापन झाली आणि विमानतळाला लागून 'मिहान' हा प्रकल्प उभा राहू लागला. मिहान म्हणजे विमान, रेल्वे आणि रस्ता या तिन्हींनी माल नेण्या-आणण्याचे केंद्र, अशी मूळ कल्पना. त्यासाठी शिवणगाव, खापरी अशा गावांतल्या लोकांच्या जमिनी गेल्या. विमानतळाचा नकाशा पाहताना त्यावर आधी कोणाची शेते होती, हेही विचारले पाहिजे.

मिहानमध्ये २०१५ पासून मोठ्या विमानांची दुरुस्ती होते. विमानतळाला २००५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिले गेले आणि १४ एप्रिल २००८ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. पण प्रवासी मोजाल, तर २०२३-२४ या वर्षात ते सुमारे २८ लाख होते. अटलांट्यात एवढे प्रवासी दहा दिवसांत येतात-जातात.

बेशाच्या आकाशात तुम्हांला दोन प्रकारची विमाने दिसतील. काही खाली येणारी, चाके बाहेर काढलेली, सोनेगावला उतरणारी. दुसरी फार उंचावर, ठिपक्याएवढी, कधी मागे पांढरी रेघ सोडणारी. दिल्लीहून चेन्नईला आणि मुंबईहून कोलकात्याला जाणारे हवाई मार्ग याच भागावरून जातात. ती विमाने आता इथे थांबत नाहीत. तरी नागपूरच्या वाहतूक नियंत्रकांशी त्यांचे वैमानिक रेडिओवर बोलत असतात. एवढ्या उंचावर एखादा प्रवासी अचानक गंभीर आजारी पडला, तर वैमानिक जवळचा विमानतळ विचारतो. तेव्हा अनेकदा नागपूरचेच नाव पुढे येते. विमान वळते, सोनेगावच्या धावपट्टीवर रुग्णवाहिका येऊन उभी राहते आणि रोग्याला शहरातल्या दवाखान्यात नेले जाते.