घुमटाखालची बैठक

जुन्या गाड्यांचा नाद असलेली मंडळी भेटली की इंजिनावर तासन् तास गप्पा होतात, रंगावर होतात, सीटच्या चामड्यावरही होतात. रबराबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. खरं तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या गाडीत सर्वांत आधी म्हातारं होतं ते रबर. पत्र्यावरचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. रबर आतल्या आत कडक होतं, भेगाळतं, आणि एक दिवस कुरकुरायला लागतं. आमच्या १९८० सालच्या पोर्शे ९२४ चं पुढचं असंच एक रबर आम्ही बदललं, त्याची ही हकीकत.

आधी गाडीविषयी थोडंसं. ९२४ चं काम पोर्शेने सुरू केलं ते फोक्सवागनसाठी. फोक्सवागनने बेत रद्द केल्यावर पोर्शेने ती आपल्याच नावाने आणली आणि नेकारझुल्मच्या आउडी कारखान्यात बांधून घेतली. १९७६ ते १९८८ ती विकली गेली. बरेच भाग फोक्सवागन-आउडीचे, म्हणून ‘ही कसली पोर्शे?’ असं तिला पुष्कळांनी हिणवलं. पण याच कारणाने तिचे कित्येक सुटे भाग खिशाला परवडतात, हे हिणवणारे विसरतात!

तिला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात. आपल्याकडच्या मारुती ८०० लाही पुढे हीच रचना होती. या खांबाचं वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या घुमटात जाऊन बसतं. खांब आणि घुमट यांच्यामध्ये रबराची एक जाड गादी असते आणि तिच्या पोटात बेअरिंग. जर्मनमध्ये तिला ‘डोमलागर’ म्हणतात. डोम म्हणजे घुमट (कोलोनचं प्रसिद्ध चर्चही डोमच!) आणि लागर म्हणजे बैठक. बेअरिंगमुळे स्टिअरिंगबरोबर खांब फिरतो. रबरामुळे रस्त्याचा हादरा पत्र्यापर्यंत पोचत नाही. गाडीचं वजन सुमारे ११०० किलो, ते पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलेलं. म्हणजे चाकाचं वजन वजा केलं तरी प्रत्येक गादीवर दोनशे किलोंहून अधिक भार, तोही उभ्या गाडीत. खड्ड्यात तर विचारूच नका.

दुखणं कळलं ते फरसबंदी रस्त्यावर. पुढून ठक्-ठक् आवाज यायचा, आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायला कुरकुर करायचं. एका वर्कशॉपने ‘दोन्ही स्ट्रट सबंध बदला’ असं सांगितलं. आम्ही आधी घरगुती तपासणी केली. एकाने जागच्या जागी स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून घुमटावर हात ठेवायचा. बैठक धड असेल तर सगळं गुपचूप फिरतं. आमच्याकडे स्प्रिंग अडकून पीळ खायची आणि मग ‘टण्ण’ करून सुटायची. शॉक अब्सॉर्बर कोरडे होते, तेल गळत नव्हतं. दोष बैठकीतच होता.

मग प्रश्न आला, नवी बैठक कसली बसवायची? बाजारात शर्यतीच्या गाड्यांसाठी रबराऐवजी धातूचा सांधा असलेल्या बैठकी मिळतात. वळणावर गाडी चाकूसारखी चालते म्हणे. पण मग प्रत्येक खडा हाडांत वाजतो आणि हादरा थेट जुन्या पत्र्यावर जातो. शिवाय जर्मनीत असा बदल तपासनीसाकडून कागदोपत्री मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच धोक्यात येते. आमच्या गाडीला ‘एच’ नंबरप्लेट आहे. एच म्हणजे ‘हिस्टोरिश’. १९९७ पासून ३० वर्षांपुढच्या, मूळ रूपात सांभाळलेल्या गाड्यांना ती मिळते आणि वर्षाला सुमारे १९२ युरो असा ठराविक कर लागतो. आम्ही मुळासारखी मऊ रबरीच घेतली, आणि अर्थातच जोडीने. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी दोन मनांची होते.

भररस्त्यात गाडी उघडून बसायची सोय इथे नाही. पण तासावर लिफ्ट आणि हत्यारं भाड्याने देणारी वर्कशॉप्स ठिकठिकाणी आहेत. तिथे एक शनिवार गाठला. चाक काढलं. खांब खाली दोन बोल्टांनी जोडलेला असतो. त्यांतला एक विकेंद्री, त्यावर चाकाचा कल ठरतो. म्हणून सोडण्यापूर्वी त्याच्या जागेवर खूण केली. ब्रेकच्या नळीवर ताण येऊ नये म्हणून चाकाचा तुंबा तारेने टांगला. मग घुमटावरचे कडेचे नट काढून खांब खाली घेतला.

आता वाचकहो, इथे नीट लक्ष द्या. गादीच्या मधोमध जो मोठा नट असतो, त्याच्यावर दाबलेली स्प्रिंग अडवून धरलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती पुरती आवळून गादीवरचा दाब शून्यावर आल्याशिवाय त्या नटाला पाना लावायचा नाही. लावला तर स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते आणि समोर तोंड असेल तर संपलंच. आम्ही भिंतीला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर वापरला आणि काम चालू असताना खांबाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही असा नियम केला. एवढी व्यवस्था नसेल तर हे काम सरळ गॅरेजला द्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

जुनी गादी हातात आली तेव्हा रबर धातूपासून अर्धं सुटलेलं होतं आणि बेअरिंगमधून गंजाची पूड पडत होती. नवी बसवताना मधला नटही नवाच घेतला, कारण असे स्वतःहून घट्ट राहणारे नट एकदाच वापरायचे असतात. स्प्रिंगची टोकं आपापल्या खाचेत बसली आहेत हे पाहूनच कॉम्प्रेसर हळूहळू सैल केला. सोमवारी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. बोल्टावर खूण कितीही नेमकी असली तरी ही पायरी गाळू नये. टायर एका कडेने झिजायला लागला की वाचवलेले पैसे दुपटीने जातात.

आता त्याच फरसबंदीवरून गाडी जाते तेव्हा चाकांचा नुसता घुमा आवाज येतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग मुकाट्याने जागेवर येतं. तुमच्याही दारात जुनी गाडी असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. बॉनेट उघडा, घुमटावर हात ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.