गळाला काय लागलं? शून्य!

दोन दिवस, एक तलाव, अडतीस गळ आणि एक जुनी वही. मासे पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या मंडळींच्या वार्षिक मेळाव्याला गेले होते. मासा एकही मिळाला नाही, पण वहीत माझं नाव लागलं!

पहाटेचे साडेपाच. मार्च संपत आलाय, पण मावळात या वेळेला अजून जॅकेट लागतं. धरणाचं पाणी बरंच खाली गेलंय. भेगाळलेली माती आणि एरवी पाण्याखाली असणारे शेतांचे जुने बांध उघडे पडलेत. त्या बांधांवर ठरावीक अंतर ठेवून माणसं बसलीत. कुणी बोलत नाही, कुणी मोबाइल बघत नाही. मी उत्साहाने ओरडले, ‘लागला का काही?’

एकदम पाच-सहा माना वळल्या. एक काका तोंडावर बोट ठेवून म्हणाले, ‘बाळ, मासे पळतील.’

ही आमची पहिली ओळख.

पुणे, मुंबई, नाशिकमधले हे हौशी मासेमार. होळी आणि गुढीपाडव्याच्या मधल्या एका वीकेंडला दरवर्षी इथे जमतात. यंदा अडतीस जण होते. पिंपरीतल्या कारखान्यातून रिटायर झालेले काका, हिंजवडीत आयटीत काम करणारी ताई, तळेगावहून बाइकवर आलेली टीवायची दोन मुलं. याच दिवसांत का? तर उन्हाळा सुरू झाला की पाणी आटतं आणि मासे उरलेल्या खोल पाण्यात एकवटतात. तलाव ज्या मच्छीमार सोसायटीने ठेक्याने घेतलाय, तिची परवानगी काढायची, ठरलेली फी भरायची आणि मग गळ टाकायचा. माझ्यासाठी अट एकच होती, पेपरमध्ये तलावाचं नाव छापायचं नाही. ‘नाव आलं की पुढच्या रविवारी इथे वडापावची गाडी लागेल,’ काका म्हणाले.

पकडायचा आणि सोडायचा?

रॉड, रील आणि तंगूस हे सामान सगळ्यांचं सारखंच. आमिष मात्र प्रत्येकाचं वेगळं. कुणाची कणीक, कुणाची शेंगदाण्याची पेंड, कुणाचं भाजलेलं बेसन. त्यात आणखी काय मिसळलंय, ते कुणी सांगत नाही. आजीच्या मसाल्यासारखं टॉप सिक्रेट!

आठच्या सुमाराला ताईचा रॉड वाकला. पाच मिनिटं ओढाताण झाली आणि एक रोहू काठाशी आला. पुढचं सगळं भराभर. आधी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि मग त्याला रोग धरतो. ओल्या कापडावर ठेवून लांबी मोजली, झोळीत घालून वजन केलं, एक फोटो काढला आणि मासा पुन्हा पाण्यात. गळाला उलटा काटा नव्हता, त्यामुळे तो अलगद सुटला.

चिलापी मात्र सोडत नाहीत. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आता तो जिथे तिथे झालाय आणि इथल्या माशांचं खाणं, जागा बळकावतो. गळाला लागलेली चिलापी थेट गावातल्या मच्छीमारांच्या टोपलीत जाते.

‘मग एवढं सगळं कशासाठी?’ मी काकांना विचारलं. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक जाड वही काढली.

वहीतली गोष्ट

वहीत दरवर्षीचं एक पान. कोण बसलं, किती तास बसलं, कुठला मासा, किती लांब, किती वजन. शेवटचा कॉलम महासीरचा, कारण या मंडळींचा जीव त्या माशात अडकलाय. आपल्या भागातल्या महासीरचं शास्त्रीय नाव ‘टोर खुदरी’. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे हा आपला अगदी पुणेकर मासा.

तरी मला वही म्हणजे हौसेचाच भाग वाटत होता. मग काकांनी कावेरीची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर मी ती शोधून वाचली.

कर्नाटकात कावेरीच्या काठी हौशी मासेमारांचे कॅम्प होते. तिथेही मासा पकडायचा, नोंद करायची आणि सोडून द्यायचा अशीच पद्धत. १९९८ ते २०१२ या काळातल्या एका कॅम्पच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. सहा हजारांहून जास्त महासीरची नोंद होती. त्यातून दिसलं की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर झपाट्याने कमी होत गेला आणि निळसर परांचा महासीर वाढत गेला. हा निळसर परांचा म्हणजे आपला टोर खुदरी. तो तिथे पोहोचला कसा? महासीर वाचावा म्हणून १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. तिथली पिल्लं देशात अनेक ठिकाणी दिली गेली, कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण एक महासीर वाचवताना दुसऱ्याच्या घरात पाहुणा घुसवला गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणं होतीच, त्यात ही भर पडली. कावेरीचा तो मासा २०१८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदवला गेला. १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोचा महासीर पकडल्याची नोंद आहे. त्याच नद्यांमधल्या माशाची ही अवस्था.

अभयारण्यातल्या मासेमारीवर बंदी आल्यावर २०१२ मध्ये ते कॅम्प थांबले. त्यांच्याबरोबर नोंदीही थांबल्या.

‘आमाला कुनी इचारलंच न्हाई’

रविवारी दुपारी सगळे आंब्याखाली जमले आणि बेरीज सुरू झाली. चिलापी ५७, रोहू ६, कटला २, मरळ १. महासीर, शून्य. गेल्या वर्षी एक होता, त्याआधी चार. काकांचा चेहरा उतरला.

टोपली न्यायला आलेला मच्छीमार दादा शेजारीच उभा होता. थर्माकोलच्या तराफ्यावरून रोज जाळी टाकणारा. तो सहज बोलून गेला, ‘परवा माझ्या जाळ्यात आलाता की एक. तीन किलोचा. इकला.’

काका भडकलेच. ‘अरे, सोडायचा ना!’

‘जाळ्यात गावला तवा मेल्यालाच व्हता, काका. आन् जिता आसता तरी इकलाच आसता. पोरीच्या कालेजची फी भरायची हाय. तुमी मासा सोडून घरी जाता, तितं ताट वाढल्यालं आसतं. आमचं ताट ह्येच हाय.’

कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. माझ्या फीसाठी कुणी मासा विकलेला नाही.

मग ताईने वही पुढे ओढली. ‘दादा, कुठे मिळाला? किती लांब होता?’ त्याने हात पसरून लांबी दाखवली. पलीकडच्या उंबराखालचं पाणी दाखवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला ओढ्यात किती चढायचे, आता का चढत नाहीत, तेही सांगितलं. ओढ्यावर बंधारा झालाय. हे वहीत कुठेच नव्हतं.

‘इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?’ काकांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

‘आमाला कुनी इचारलंच न्हाई.’

वर्षातून दोन दिवस येणाऱ्यांची नोंद होती. रोज पाण्यावर असणाऱ्याची नव्हती. त्या दुपारी वहीत नवीन पान सुरू झालं, वर लिहिलं, ‘जाळं’. आता दादा महिन्याच्या महिन्याला फोनवर आकडे सांगणार आणि ताई लिहिणार. विकलेला मासाही लिहायचा, त्यावरून भांडायचं नाही, असं ठरलं. काका लगेच ‘हो’ म्हणाले नाहीत. पण पानावर रेघा त्यांनीच आखून दिल्या.

निघताना काकांनी वही माझ्यापुढे धरली. मीही रॉड घेऊन बसले होते, सात तास. काहीच लागलं नव्हतं.

‘काय लिहू? मिळालं तर काहीच नाही.’

‘तेच लिही. सात तास बसलीस आणि मिळालं नाही, हे कळायला नको? सगळे फक्त मिळालेलंच लिहायला लागले, तर मासा संपला तरी वहीत पत्ता लागायचा नाही.’

मास कॉमच्या वर्गात शिकलेय की काहीतरी घडलं तर बातमी. मी नाव लिहिलं. पुढे तास ७. पुढे ०.

गळ टाकायचाय? मग हे वाचा

• तलाव कुणाच्या ठेक्यात आहे, ते आधी गावात विचारा. परवानगीशिवाय गळ टाकू नका. अभयारण्यात तर नाहीच.
• एकट्याने जाऊ नका. धरणाच्या काठचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण पाय खोल रुततो.
• उलटा काटा नसलेला गळ वापरा. माशाला ओल्या हातानेच धरा.
• तुटलेला तंगूस तिथे टाकू नका. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.
• घरच्या टाकीतले मासे तलावात सोडू नका. चिलापीचं काय झालं, ते वर वाचलंच आहे.
• तारीख, तास, मासा लिहून ठेवा. काही मिळालं नाही तरी लिहा.