रंगच द्यायचा तर लाकूड कशाला?

घराच्या फर्निचरचा विषय निघाला की 'एमडीएफ म्हणजे पुठ्ठाच हो' असं घरातलं कोणीतरी वडीलधारं म्हणतंच. शोरूममधला विक्रेता मात्र गुळगुळीत पांढऱ्या शटरवरून हात फिरवत 'आजकाल सगळे हेच घेतात' असं सांगतो. दोघंही अर्धंच सांगतात. लाकडाच्या रेषा दाखवून पॉलिश करायचं असेल तर एमडीएफचा प्रश्नच येत नाही. पण आता स्वयंपाकघरात पांढरी, राखाडी, पिस्ता रंगाची शटरं आली आहेत आणि दिवाणखान्याच्या भिंतींवर मोल्डिंगच्या चौकटी. तिथे डोळ्यांना दिसतो तो फक्त रंग. त्याच्याखाली काय असावं, हा हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडावा लागतो.

रंगाला खालची वस्तू हललेली चालत नाही. लाकूड हलतं. हवेतला दमटपणा शोषून ते पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं, तेही मुख्यतः रेषांना आडव्या दिशेने. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. साग यात सगळ्यांत शहाणा, तरी पुण्यासारख्या ठिकाणी जुलै ते एप्रिल या काळात फूटभर रुंद सागाच्या फळीत दोनेक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून जुने सुतार दाराचं मधलं पॅनेल चिकटवत नसत, खाचेत मोकळं सोडत. पॉलिशच्या दारात ही हालचाल लपून जाते. पांढऱ्या दारात लपत नाही. उभी आणि आडवी पट्टी जिथे जुळतात तिथे रंगाला केसाएवढी चीर पडते. पॅनेल आटलं की खाचेच्या कडेला बिनरंगाच्या लाकडाची बारीक तपकिरी रेघ डोकावते. रंगाऱ्याला दोष दिला जातो, पण त्या बिचाऱ्याची त्यात फारशी चूक नसते. पॅनेल खाचेत बसवण्याआधीच सगळ्या बाजूंनी रंगवलं, तर निदान ती रेघ तरी टळते.

शिवाय सागाची छिद्रं लांबी भरून बुजवावी लागतात आणि त्यातलं नैसर्गिक तेल काही रंगांना नीट धरू देत नाही. स्वस्त पडतं म्हणून पाइन घेतलं, तर गाठींतून राळ झिरपते आणि पांढऱ्या रंगावर पिवळे डाग उमटतात. गाठींवर आधी चपड्याचा हात द्यावा लागतो. इतका खर्च आणि खटाटोप करून जे झाकायचंच, ते सागवान कशाला? माझं मत विचाराल तर सागावर ऑइलपेंट फासणं हा पैशाचा आणि झाडाचा, दोन्हींचा अपव्यय आहे.

एमडीएफला रेषाच नसतात. निलगिरी, सुबाभूळ, पॉप्लर अशा लवकर वाढणाऱ्या झाडांचे तुकडे वाफेवर मऊ करतात, दळून त्यांचे तंतू सुटे करतात, त्यात राळ आणि थोडं मेण मिसळतात आणि तापलेल्या प्रेसखाली दाबतात. तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असल्यामुळे तक्ता लांबी-रुंदीत सारखाच वागतो. राउटर मारून एकाच तक्त्यात चौकटीचं डिझाइन कोरलं की सांधाच राहत नाही. मग चीर पडणार कुठे? रंगवलेल्या शटरसाठी, भिंतीवरच्या मोल्डिंगसाठी एमडीएफ लाकडापेक्षा सरस ठरतं ते यामुळे. प्लायवरही रंग देता येतो, पण वरच्या पातळ पापुद्र्यातल्या रेषा आणि चिरा कालांतराने रंगातून उमटतात.

एमडीएफची खरी परीक्षा कडेला होते. तक्त्याचे दोन्ही चेहरे दाबून घट्ट झालेले असतात, आतला गाभा मऊ असतो. कड कापली किंवा राउटरने खोबण काढली की हा गाभा उघडा पडतो आणि रंग पिऊन टाकतो. त्यावर थेट पाण्याचा प्रायमर लावला तर तंतू उभे राहतात आणि कड हाताला खरखरीत लागते. म्हणून कडेला आधी पीयू सीलर किंवा तेलाचा प्रायमर द्यायचा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा सीलर, पुन्हा पेपर आणि मगच रंग. घाईत असलेला मिस्त्री नेमका इथे हात आखडता घेतो. रंगवून झालेल्या शटरच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. चेहऱ्याइतकीच गुळगुळीत लागली पाहिजे. मागची बाजूही रंगवलेली हवी. एकाच बाजूला रंग दिला तर दुसरीकडून दमटपणा शिरतो आणि सात फुटी शटर धनुष्यासारखं वाकतं.

आता पाणी. साधं एमडीएफ पाण्यात पडलं की कड फुगते, आणि वाळल्यावरही पूर्वीसारखी होत नाही. युरोपीय मानकानुसार १८ मिलिमीटर जाडीचा साधा तक्ता २४ तास पाण्यात ठेवल्यावर जाडीत १२ टक्क्यांपर्यंत फुगला तरी चालतो, दमटपणा सोसणाऱ्या तक्त्याला ही मर्यादा ८ टक्के. म्हणजे चांगल्या तक्त्यातही जवळजवळ दीड मिलिमीटर! त्यावरचा रंग फाटायला तेवढं पुरेसं आहे. बाजारात एचडीएचएमआर म्हणून मिळणारा तक्ता अधिक घट्ट आणि दमटपणाला अधिक टिकाऊ असतो, पण तोही दमट हवा सोसतो; साचलेलं पाणी नाही. काही तक्त्यांचा गाभा हिरवा असतो. तो रंग फक्त ओळखीसाठी असतो, त्याने पाणी अडत नाही.

म्हणूनच परदेशी व्हिडिओ पाहून एमडीएफची स्कर्टिंग लावण्याचा मोह आपल्याकडे आवरावा. तिकडे लाकडी जमिनीवर व्हॅक्यूम फिरतो, आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात. जमिनीला टेकलेली कड पहिल्याच पावसाळ्यात फुगू लागेल. स्कर्टिंग टाइलचीच बरी. न्हाणीघराची चौकट ग्रॅनाइटची, सिंकखालचं कपाट मरीन प्लायचं. आयएस ७१० हा त्याचा मानक क्रमांक, तक्त्यावरचा छाप पाहून घ्या. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर मोल्डिंग ठोकण्याआधी ओलीचा बंदोबस्त करा, नाहीतर मागून बुरशी धरेल. कोकणात समुद्राजवळ तर एमडीएफ बेताबेतानेच वापरावं.

वजनाचंही पाहायला हवं. आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा एमडीएफ तक्ता चाळीस किलोच्या आसपास भरतो. सात फूट उंच, दीड फूट रुंद शटर तेरा किलोंचं होतं. त्याला तीन नाही, चार बिजागऱ्या हव्यात. स्क्रू चेहऱ्यात बरा धरतो, कडेत धरत नाही. आधी बारीक छिद्र न पाडता घुसवला तर तक्ता उभा चिरतो. फळी म्हणून तर एमडीएफ कमकुवतच. सागाच्या मानाने ते तिपटीहून अधिक लवतं. डाळ-तांदळाचे डबे किंवा पुस्तकं ठेवायची असतील तर फळ्या प्लायच्या करा.

एमडीएफमधल्या राळेतून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली. प्लायही यातून सुटत नाही, त्यातही राळ असतेच. ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा तक्ता मागा, सगळ्या बाजू बंद करून घ्या आणि काम झाल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा. कापताना उडणारी धूळ पिठाहून बारीक असते. कापाकापी बैठकीच्या खोलीत करू देऊ नका, आणि कारागिरांना चांगले मास्क आणून द्या. ते स्वतः मागणार नाहीत.

माझ्या लेखी हिशेब असा: कपाटांचे सांगाडे आणि फळ्या प्लायच्या, रंगवायची शटरं आणि कोरड्या भिंतीवरची मोल्डिंग एमडीएफची, स्वयंपाकघरात एचडीएचएमआरची. सागवान परवडत असेल तर मुख्य दारासाठी घ्या आणि त्यावर पॉलिशच करा. कोटेशनमध्ये नुसतं 'एमडीएफ, पीयू फिनिश' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. तक्त्याचा प्रकार, जाडी, उत्सर्जनाचा वर्ग, कडांना किती हात सीलर, मागची बाजू रंगवणार की नाही, हे सगळं लिहून घ्या. आणि त्याच तक्त्याचा एक तुकडा मागून घ्या, जाडी मोजा, रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा.